हाळावरची आणि शाळेमागची

आमच्या घरात पाच महिने मी टपालखात्याची नोकरी केली, तीही बिनपगारी. सासूबाईंचं बोलणं सासऱ्यांना पोचवायचं आणि सासऱ्यांचं सासूबाईंना. दोघं एकाच ओट्यावर बसलेली, मध्ये एखादं सूप मावेल एवढं अंतर, आणि सासूबाई मला हाक मारून म्हणणार, "अश्विनी, तुझ्या सासऱ्याला सांग, पानी निवतंय." सासरे ऐकतायत. त्यांचे कान चांगले शाबूत आहेत, चार घरं सोडून कुणी त्यांचं नाव घेतलं तरी त्यांना कळतं. पण मी सांगितल्याशिवाय ते उठायचे नाहीत. मी हातातलं पीठ झटकून बाहेर यायचं, "मामा, पाणी निवतंय" म्हणायचं, मग ते म्हणणार, "येतो म्हनाव." आणि मी आत वळते न वळते तोच सासूबाई विचारणार, "काय म्हनले?"

डोकं फिरायचं माझं. माझं माहेर श्रीरामपूरचं. आमच्याकडे भांडण झालं की तिसऱ्या घरी ऐकू जातं आणि संध्याकाळी सगळे एका पंगतीत जेवतात. हे असलं तोंडाला कुलूप लावून भांडणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. इकडे तिसगावच्या बाजूला सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात, मीही म्हणते. गोजरबाई आत्या आणि मच्छिंद्र मामा. दोघंही सोन्यासारखी माणसं, फक्त एकमेकांसमोर आली की दगड.

भांडणाचं मूळ म्हणजे आमच्या बांधावरची चिंच. गौरी-गणपती झाल्यावर आत्या पारनेरला धाकट्या बहिणीकडे गेल्या, तिच्या नातवाचं बारसं होतं. तेवढ्यात मामांनी माणसं बोलावून ती चिंच तोडली. तिच्या सावलीत डाळिंबाची रोपं धरत नव्हती, हे खरं. पण ती चिंच आत्यांची होती. सातबारावर कुणाचं नाव आहे ते सोडा. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा ती कमरेएवढी होती, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून आत्यांनीच तिला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं. तिच्या गराला दोरे कमी, आणि आंबट लागून झाल्यावर मागून गोडी यायची. आत्या मीठ घालून तिचे गोळे करायच्या आणि बहिणीला, दोन्ही लेकींना, माझ्या आईला पाठवायच्या. माझी आई सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण त्या गोळ्याचं करायची.

आत्या परत आल्या, बांधापाशी थांबल्या, बुंध्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण कसलं काय. घरी येऊन त्यांनी पिशवी ठेवली, सगळ्यांचा चहा केला आणि मामांचा कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला दे." तिथून माझी नोकरी सुरू झाली.

मी दोघांनाही एकेकटं गाठून समजावलं. आत्यांचं एकच म्हणणं, त्यांनी तोंडानं 'चुकलं' म्हणावं, मग मी बोलेन. मामांचं एकच म्हणणं, माझा बांध, माझं झाड, चुकलं कशाला म्हणू. असं म्हणताना ते बांधाकडे बघायचं मात्र टाळायचे. माझा नवरा सुनील सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, शनिवारी घरी येतो. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, होईल हळूहळू. त्याला काय जातंय, तो सोमवारी पहाटेच्या गाडीनं मोकळा.

मध्ये चार दिवस मी माहेरी गेले होते. परत आल्यावर शेजारणीनं सांगितलं की माझ्या मागं टपालाचं काम शेळीनं केलं. आत्या गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून शेळीला सांगायच्या, "अगं ए, तुझ्या मालकाला म्हनाव भाकरी झाकून ठिवलीय." आणि मामा शेळीच्या पाठीवर हात फिरवत तिला सांगायचे, "तिला म्हनाव, तू जेव आदी." मी हसले की रडले ते मला आठवत नाही. राग याचाच यायचा. माया नसती तर मी म्हटलं असतं, राहू द्या अबोला, घरात शांतता तरी आहे. पण मामा रोज मला हळूच विचारायचे, ती जेवली का. आत्या भाकरीचा खरपूस पापुद्रा मामांच्या ताटासाठी बाजूला काढून ठेवायच्या आणि मला बजावायच्या की मी ठेवला म्हणून सांगू नको. मोडेन पण वाकणार नाही, अशी दोघंही, आणि मधल्या मध्ये माझं मरण.

आता लिलावाचं सांगते.

मी आमच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. दाखले काढते, उतारे काढते, लोकांचे आधारकार्डाला जोडलेले मोबाईल नंबर बदलून देते. शिक्षण एम.एस्सी. कॉम्प्युटर, पण गावात त्याचा उपयोग प्रिंटर अडकला की होतो. गावाच्या मालकीची चिंचेची चौदा झाडं आहेत. प्रत्येकाला नाव आहे: म्हसोबाची, वाकडी, पुलाची, ओढ्याची, अशी. दरवर्षी माघात त्यांच्या फळाचा लिलाव होतो. झाड गावाचंच राहतं, त्या हंगामाची चिंच घेणाऱ्याची. पूर्वी एकेक झाड पुकारायचे, जास्त बोलेल त्याचं.

मागच्या वर्षी त्या पद्धतीनं पार विचका झाला. तिसगावचे व्यापारी रिझवानभाई, सरळ माणूस, त्यांना ओढ्याकाठची सहा झाडं सलग हवी होती. झोडपायला माणसं आणायची, टेम्पो आणायचा, तर सहा झाडं असली तरच परवडतं. एकेक पुकारत गेल्यावर त्यांना तीनच मिळाली, तीही मधली सोडून. तीन झाडांसाठी टेम्पो आणून करणार काय, त्यांनी अनामत सोडून दिली आणि आलेच नाहीत. चिंच झाडाखाली सडली, पंचायतीचे पैसे बुडाले, आणि ज्यांनी नुसतं चढाओढीनं उरलेली झाडं घेतली होती तेही रडत बसले.

म्हणून या वर्षी सरपंच वैजनाथ माझ्याकडे आले. म्हणाले, तुझ्या कॉम्प्युटरात याला काही औषध आहे का? खरं सांगू, मला इतका आनंद झाला की मी चहा सांडला. एम.एस्सी.ला माझा प्रकल्पच या विषयावर होता. एकेक वस्तू न पुकारता लोकांना हव्या त्या वस्तूंचा गठ्ठा मागू द्यायचा, आणि मग कुठले गठ्ठे मंजूर केले तर सगळ्यात जास्त पैसे येतात ते शोधून काढायचं. प्रकल्पाला मार्क चांगले पडले होते, आणि त्यानंतर त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ग्रामसभेत मी नियम सांगितले. ज्याला जी झाडं हवीत ती त्यानं एका चिठ्ठीवर लिहायची, एक लिहा नाहीतर सहा, आणि त्या सगळ्यांचे मिळून किती देणार ते लिहायचं. चिठ्ठी मंजूर झाली तर पूर्ण, नाहीतर त्यातलं काहीच नाही. एक झाड दोघांना मिळणार नाही. चिठ्ठ्या बंद डब्यात, आणि डबा सगळ्यांसमोर उघडायचा.

वैजनाथ म्हणाले, मग एवढं काय अवघड आहे, सगळ्यात मोठ्या आकड्याची चिठ्ठी आधी काढा, मग त्याच्या खालची. मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. मी म्हटलं, सरपंच, तुमच्या घरी वलणीवर कपडे कोण घालतं? बायका हसल्या, कारण त्यांना माहीत होतं की सरपंचांनी वलणीला कधी हात लावलेला नाही. मी सांगितलं, सगळ्यात मोठी म्हणून आधी गोधडी टाकली की ती पूर्ण दोरी अडवते. तिच्या जागी तीन लुगडी वाळली असती. गोधडी एका लुगड्यापेक्षा मोठी आहे, पण तीन लुगड्यांपेक्षा मोठी नाही. इथं पण तसंच, दोन लहान चिठ्ठ्या शेजारी शेजारी बसल्या तर एका मोठ्या चिठ्ठीला हरवू शकतात. बायकांना लगेच कळलं. पुरुषांना दोनदा सांगावं लागलं.

मग कुणीतरी विचारलं की कॉम्प्युटर सगळ्या जोड्या लावून बघणार का. मी म्हटलं, तसं केलं तर पुढच्या वर्षीची चिंच येईल, कारण चिठ्ठ्या थोड्या वाढल्या तरी जोड्या बेसुमार वाढतात. तो असं करतो: एक चिठ्ठी धरतो, तिच्याशी झाड अडकलेल्या सगळ्या चिठ्ठ्या बाजूला सारतो, उरलेल्यांतून पुढची धरतो. प्रत्येक पावलाला तो विचार करतो की या वाटेनं गेलो तर फार फार तर किती मिळेल. तो आकडा आतापर्यंत सापडलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा कमी दिसला की त्या वाटेला जातच नाही, मागं फिरतो. त्यामुळे सगळ्या वाटा न तुडवताही उत्तर पक्कं निघतं, याहून जास्त पैसे देणारी जुळणी असूच शकत नाही. मामा मागच्या बाजूला बसले होते, तिथूनच म्हणाले की हे तर माणसापेक्षा शहाणं आहे. माझी मान ताठ झाली. सासऱ्यांनी भर सभेत कौतुक करणं काही रोजचं नसतं.

पण घरात दोन बोली लावणारे असतील हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आधी आत्या आल्या. शाळेमागं एक चिंच आहे, तिचा गर अगदी आमच्या बांधावरच्या चिंचेसारखा. आत्यांना ती हवी होती, गोळ्यांसाठी. बचतगटातले त्यांचे स्वतःचे पैसे होते. त्यांनी विचारलं की बाईमाणसानं वेगळी चिठ्ठी टाकली तर चालते का. मी म्हटलं, चालते. मग विचारलं, एका चिठ्ठीवर दोन झाडं लिहिली तर? मी म्हटलं, चालतं, पण दोन्ही मिळतील नाहीतर एकही नाही. त्यांनी मान हलवली. पुढं काही विचारणार होत्या, पण मी कानावर हात ठेवले. गावात आधीच कुजबुज होती की ऑपरेटरच्या घरचेच लोक उतरले तर न्याय कसला. म्हणून मी सभेतच सांगून टाकलं होतं की डबा उघडेपर्यंत मी कुणाची चिठ्ठी बघणार नाही, आणि उघडल्यावर प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचीन, घरच्यांची सुद्धा.

दुसऱ्या दिवशी मामा आले. गुरांना पाणी पाजायचा जो हाळ आहे त्याच्यावर एक बुटकी, पसरट चिंच आहे. मामा रोज दुपारी तिच्याखाली शेळ्या बांधून बसतात. ती व्यापाऱ्यानं घेतली की महिना-दीड महिना राखणदार बसतो आणि शेळ्यांना हाकलतो, कारण त्या खालची चिंच खातात. म्हणून मामा दरवर्षी ती स्वतः घ्यायचे. या वर्षी त्यांनी त्यासाठी एक बोकड विकला होता. त्यांनीही मला तेच विचारलं, एका चिठ्ठीवर दोन झाडं लिहिता येतात का. मी तेच उत्तर दिलं. म्हातारा आता व्यापारी व्हायला निघाला, असं मनात म्हटलं आणि विसरून गेले. शिकलेली मी, प्रकल्प केलेली मी, आणि दोघांनी एकच प्रश्न विचारला हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

लिलावाच्या दिवशी पंचायतीसमोर सतरंज्या टाकल्या, मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. रिझवानभाई पुढच्या रांगेत. आत्या बायकांच्यात, मामा पुरुषांच्यात, दोघांमध्ये अख्खं गाव. वैजनाथांनी डबा उघडला आणि एकेक चिठ्ठी माझ्या हातात देत गेले. मी वाचायची आणि टाईप करायची. रिझवानभाईंच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक ओढ्याकाठच्या सहा झाडांची. दुसरी हाळावरची आणि शाळेमागची मिळून चौदा हजार, कारण ही दोन्ही झाडं डांबरी रस्त्याला लागून आहेत आणि टेम्पो बुडाशी जातो.

मग मामांची चिठ्ठी आली. अक्षर ओळखलं, चौथी पास माणसाचं, एकेक अक्षर सुटं. मी वाचलं, "मच्छिंद्र. हाळावरची आणि शाळेमागची. मिळून दहा हजार."

 शाळेमागची? मामांना शाळेमागच्या चिंचेचं काय करायचंय? त्यांना तर आंबट खाल्लं की दात आंबतात. मी वर बघितलं. मामा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. बायकांच्यात आत्यांनी पदर पुढं ओढला होता, तोंड दिसत नव्हतं.

अजून पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या आणि आत्यांची आली. ती मी आधी मनात वाचली, आणि मला पुढं वाचवेना. वैजनाथ म्हणाले, वाच की. नियम माझाच होता.

"गोजरबाई. शाळेमागची आणि हाळावरची. मिळून नऊ हजार."

मागून कुणीतरी हसलं आणि सगळी सभा हसली. नवराबायको एकमेकांवर बोली लावायला लागले, घरात लिलाव मांडा, असं काय काय लोक म्हणायला लागले. मला मात्र हसू येत नव्हतं. मला उत्तर दिसत होतं, कॉम्प्युटर चालू करायच्या आधीच. दोघांच्या चिठ्ठ्या त्याच दोन झाडांवर. म्हणजे दोन्ही मंजूर होऊच शकत नाहीत, फार तर एक. आणि एकेकटी चिठ्ठी चौदा हजारांपुढं टिकत नाही. आत्यांनी नऊ हजारांत फक्त शाळेमागची लिहिली असती आणि मामांनी दहा हजारांत फक्त हाळावरची, तर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी बसल्या असत्या, एकोणीस हजार झाले असते आणि रिझवानभाई हरले असते. दोघांनाही आपापलं झाड मिळालं असतं. पण दोघांनीही स्वतःच्या झाडाला दुसऱ्याचं झाड बांधलं आणि एकमेकांना पाडलं.

मी बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं. ओढ्याकाठची सहा झाडं रिझवानभाईंना, म्हसोबाची आणि वाकडी गावातल्याच भागवतला, बाकीची इतरांना. हाळावरची आणि शाळेमागची रिझवानभाईंना.

वैजनाथ हिशेबाला पक्के. त्यांनी बोटांवर आकडे मोजले आणि म्हणाले, "अश्विनी, या दोघांच्या चिठ्ठ्या फोडल्या तर पंचायतीला पाच हजार जास्त मिळतात. एकाला एक झाड, दुसरीला दुसरं. घरचंच हाय, कुनाची हरकत असनार?" सभेत बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. रिझवानभाईंनी सुद्धा हात हलवला, म्हणजे तुमचं ठरवा असं.

तेव्हा मला किती वाटलं की हो म्हणावं, ते माझं मलाच माहीत. दोन बटणं दाबायची होती. पण आज माझ्या घरच्यांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर फोडल्या, तर उद्या प्रत्येक जण म्हणेल माझीही फोड, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चिंच झाडाखाली सडेल. मी म्हटलं, नाही सरपंच, चिठ्ठी पूर्ण नाहीतर काहीच नाही, हे सगळ्यांसमोर ठरलंय.  बायकांच्यातून आत्या म्हणाल्या, बरोबर आहे तिचं, लिहिलं ते लिहिलं.

मग आत्या उठून उभ्या राहिल्या.  त्यांनी माझ्याकडे बघून, रोजच्यासारखंच म्हटलं, "अश्विनी, तुझ्या सासऱ्याला इचार, शाळंमागची कुनासाठी मागितली हुती?"

आणि माझं डोकं सटकलं. पाच महिने साठलेलं सगळं एकदम वर आलं. भर ग्रामसभेत, नोकरीच्या जागी, सरपंचांसमोर मी म्हणाले, "मी नाही विचारणार. आजपासून माझी नोकरी संपली. ते समोर बसलेत, तुम्हाला तोंड आहे, त्यांना कान आहेत. तुम्हीच विचारा."

सुनेनं सासूला असं चारचौघांत बोलणं आमच्याकडे चालत नाही. मला वाटलं, संपलं, आता माझ्याशीही अबोला. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू मान पुरुषांच्या बाजूला वळवली.

"अवं," त्या म्हणाल्या, "तुमाला शाळंमागची कशाला पायजे हुती?"

मामांनी मान वर केली. पाच महिन्यांनी बायकोनं हाक मारली होती आणि समोर अख्खा गाव बसला होता. ते उठले. टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "दोनी एकत्र लिहिली, कारन माझंच झाड मला मिळालं आन तुझं गेलं, तर त्या सावलीत मी बसू कसा? मग कायच नको म्हनलं." मग त्यांनी विचारलं, "आन तू हाळावरची कशाला लिहिली?"

"शेळ्या कुठं बांधल्या असत्या तुमी?" आत्या म्हणाल्या. आवाज चढलेला, पण डोळे वाहत होते. "उनात बसला असता डोक्याला फडकं बांधून. गोळं करताना माझ्या घशाखाली घास उतरला असता व्हय?"

कुणी हसलं नाही. मामा दोन पावलं पुढं आले, पुरुषांची रांग संपते तिथपर्यंत. तिथं ते थांबले आणि माझ्याकडे, वैजनाथांकडे, कुणाकडेच न बघता फक्त आत्यांकडे बघून म्हणाले, "बांधावरची तोडली ते चुकलं माझं. त्याच दिशी कळलं हुतं. तोंडातून निघत न्हवतं."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मटकन खाली बसल्या. शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या समोरचा लॅपटॉपचा पडदा पार धुकट झाला होता, आणि मी त्या धुकट पडद्याकडे बघत अगदी काम असल्यासारखं दाखवत होते. चिठ्ठीवर मी झाडाचं नाव विचारलं होतं, रक्कम विचारली होती. कुणासाठी हवंय, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि सुचलं असतं तरी कॉम्प्युटरला त्याचं काय करायचं ते मला सांगता आलं नसतं.

रिझवानभाई सही करायला टेबलापाशी आले तेव्हा म्हणाले की मामांना सांगा, शेळ्या हाळावर बांधा, राखणदाराला मी सांगतो. मी म्हटलं, मी आता कुणाला काही सांगत नाही, नोकरी सोडली. ते हसले आणि स्वतःच जाऊन मामांना सांगून आले.

सगळं आवरून मी निघाले तेव्हा उन्हं उतरली होती. आत्या आणि मामा माझ्यासाठी थांबले होते, पण ते थांबणं नावालाच. मी दिसले तशी दोघं चालायला लागली, मी मागून. पुढं दोघांचं जोरात भांडण चाललं होतं. पाच महिन्यांचं एकदम काढायचं होतं ना. डाळिंबाला पाणी कमी पडतं हे सांगितलं का नाही, बोकड विकायच्या आधी विचारलं का नाही, बचतगटातले पैसे झाडावर घालायचे होते का. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून बघायला लागला. मला इतकं बरं वाटत होतं, की मी मुद्दाम मागं रेंगाळले.

हाळाजवळ आल्यावर दोघं थांबली. हाळावरची चिंच लगडली होती, शेंगा रस्त्यापर्यंत लोंबत होत्या. मामा तिच्याकडे बघत म्हणाले की एवढं शहाणं यंत्र, पण आपल्याला पाडलं त्यानं. आत्या म्हणाल्या, यंत्राला कशाला नावं ठेवता, आपणच लिहायला चुकलो. मग आत्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, जसं त्या दिवशी सभेत वलणीचं ऐकताना मोजत होत्या.

"ऐका," त्या मामांना म्हणाल्या. "फुडल्या वर्साला मी नुसती हाळावरची लिहिते. तुमी नुसती शाळंमागची लिवा."

मामांनी विचार केला आणि मान हलवली. मग दोघांनी एकदमच मागं वळून माझ्याकडे बघितलं, की पोरीनं ऐकलं तर नाही ना. असं आधी ठरवून लिहिणं नियमात बसतं की नाही, हे मला बघावं लागेल. मी फोन कानाला लावला आणि बंद फोनवर सुनीलशी बोलत त्यांच्या पुढं निघून गेले.